कुनिशिगेंची माकडाची त्सुबा

२ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ६.४०
आज अडुसष्ट वर्षं पूर्ण झाली. आता वेळ दवडायचा नाही. 'हागीच्या त्सुबांवरील प्राणिसृष्टी' या ग्रंथाला आजपासून सुरुवात. रोज तीन पानं. उन्हाळ्यापर्यंत सहाशे सहज होतील. लोकांना तलवारीचं फक्त पातं दिसतं. पातं आणि मूठ यांच्यामध्ये जी लोखंडी चकती असते, आपली त्सुबा, तिच्याकडे कोण बघतं? मी बघतो. माशाच्या वड्यांच्या कारखान्यात चौतीस वर्षं इन्स्पेक्टर होतो. पांढऱ्या वडीतला पांढरा काटा मला टेबलाच्या पलीकडून दिसायचा. नजर ही देणगी असते, शिकून येत नाही.

रात्री ८. आज पानं शून्य. वाढदिवस होता.

४ नोव्हेंबर, शनिवार
आमच्या त्सुबाप्रेमी मंडळाची बैठक, कम्युनिटी हॉल. सहापैकी पाच हजर. मार्चमध्ये आधीचे अध्यक्ष आगावा वारले तेव्हापासून अध्यक्ष मीच आहे. निवडणूक अशी झाली नाही, पण हॉलची किल्ली माझ्याकडे असते.

आज माझी पद्धत समजावून सांगितली. त्सुबा झिजलेली असली, जनावर ओळखू येत नसलं, तर शेजारचं झाड बघायचं. बांबू असला तर वाघ. लाट असली तर ससा. मेपलचं पान असलं तर हरीण. जुने कारागीर नियम मोडत नसत. मग नमुन्यादाखल एक उचलली आणि सांगितलं, बांबूतला वाघ. फुकुमित्सु डॉक्टर म्हणाला, "सुएताकेसाहेब, बांबू नाही हो तो, गंजाचे ओरखडे आहेत. आणि हा वाघ जर असेल तर त्याच्या पाठीवर कवच कसं? कासव आहे ते."

सगळे हसले. हा जनावरांचा डॉक्टर. गाईंच्या पोटात हात घालण्यात आयुष्य गेलं. कलेतलं जनावर वेगळं असतं हे त्याला कोण सांगणार.

हॉलच्या दिव्यांबद्दल नगरपालिकेला तिसरं तक्रारपत्र लिहायचं. प्रकाश दिवसेंदिवस कमी होतोय.

७ नोव्हेंबर, मंगळवार
आगावांच्या पत्नीचा, आगावा आजींचा फोन. जाऊन आलो. प्रकरण गंभीर आहे.

आगावांच्या कपाटात एक्केचाळीस त्सुबा निघाल्या, प्रत्येक वेगळ्या लाकडी डबीत. आणि त्यांच्या हातची एक चिठ्ठी: 'कुनिशिगेची माकडाची परत द्यायची.' एवढंच. आजी म्हणाल्या, कुनिशिगे म्हणजे मिशिमा बेटावरचे, यांचे जुने मित्र. शेहेचाळीस वर्षांपूर्वी यांनी प्रदर्शनासाठी म्हणून त्यांच्या घराण्याची त्सुबा आणली, आठवड्यात परत देतो म्हणाले आणि दिली नाही. का, ते आजींनाही कधी सांगितलं नाही. दोघं तेव्हापासून बोलले नाहीत.

कुनिशिगे आता नव्वद वर्षांचे. हृदय थकलंय, पायांवर सूज आहे, दोन पावलांत श्वास लागतो. बेटावरच्या डॉक्टरांनी बजावलंय की महिनाअखेरच्या आत हागीच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवा, नंतर समुद्र खवळला की बोटींचा भरवसा नाही. आणि म्हातारा बेट सोडायला तयार नाही. त्यांच्या मुलीनं, हात्सुमीनं, आजींना फोनवर सांगितलं की बाबा म्हणतात, "आगावा मेला म्हणून काय झालं? त्याच्या घरात कुणी आहे की नाही? ते त्सुबा घेऊन येतील आणि मी नेमका घरी नसेन तर?"

म्हणजे एका माणसाचा जीव एका माकडावर अडकलाय. आणि ते माकड ओळखू शकेल असा हागीत एकच माणूस आहे.

आजी म्हणाल्या, फुकुमित्सु डॉक्टरांनाही बोलवू का? मी म्हणालो, कशाला?

८ नोव्हेंबर, बुधवार
सकाळी ९ ते दुपारी ४, आगावांच्या घरी. एक्केचाळीसही तपासल्या. सलग सात तास. या वयात अशी एकाग्रता दुर्मीळ.

बारांवर प्राणीच नाही. नुसत्या वस्तू: टोपल्या, दोऱ्या, होड्या, काहीतरी काठ्या. त्या पहिल्या तासातच बाजूला काढल्या. आजींना म्हणालो, या देवळाच्या बाजारात देऊन टाका, तुमची अडगळ कमी होईल. त्यांनी हो म्हटलं.

आजी प्रत्येक डबीच्या झाकणाच्या आतली बाजू दाखवत होत्या. "यांनी इथं काहीतरी बारीक लिहिलंय, मला लागत नाही, तुम्ही वाचा ना." मी स्पष्ट सांगितलं की खरा जाणकार डबीवरचं वाचत नाही. तो लोखंड बघतो. वाचलं की मन आधीच बनतं. हे तत्त्व मी गेली दोनेक वर्षं कटाक्षाने पाळतो.

माकड सापडलं! त्सुबेच्या वरच्या अंगाला गोल चंद्र, खाली बसकं काहीतरी आणि त्याचे दोन हात वर केलेले. चंद्र पकडू बघणारं माकड. नियमात बसतं. आजींनी माझे हात हातात घेतले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं असं वाटलं.

पानं: शून्य. पण आजचा दिवस म्हणजेच एक प्रकरण.

११ नोव्हेंबर, शनिवार
मंडळात माकड दाखवलं. फुकुमित्सुने खिडकीपाशी नेऊन पाहिलं आणि म्हणाला, "ससा आहे."

मी विचारलं, हात दिसत नाहीत का? तो म्हणाला, "ते कान आहेत." मी म्हणालो, डॉक्टर, आपण आयुष्यभर जनावरांची मागची बाजू पाहिलीत, पुढची माझ्यावर सोडा. किमुरा नावाच्या नव्या सभासदाने हळूच विचारलं की माकडाला एवढे लांब हात असतात का. मी त्सुबा डबीत घालून झाकण लावलं.

फुकुमित्सु म्हणाला, "कुनिशिगेंकडे जायचं असेल तर मी बरोबर येतो. त्यांच्या गाई मी वीस वर्षं पाहिल्यात. म्हाताऱ्याचा स्वभाव मला ठाऊक आहे." म्हणजे श्रेय घ्यायला यायचं आहे. नको म्हटलं.

घरी येताना गाडी शेजारच्यांच्या फाटकाला घासली. फाटक रस्त्यात पुढे आलंय. बायको, तामाए, म्हणाली, "अहो, ते फाटक चाळीस वर्षं तिथंच आहे." बायकांना रस्त्यांचं कळत नाही.

१२ नोव्हेंबर, रविवार
देवळाचा बाजार. बिनप्राण्यांच्या बारा त्सुबा आजींच्या वतीने मी स्वतः पोचवल्या. बाजार सांभाळणाऱ्या बाईंनी टेबलावर मांडल्या. तासाभरात खपल्या म्हणे. छान.

संध्याकाळी फुकुमित्सुचा फोन. "सुएताके, एक महत्त्वाचं..." ससा ससा ऐकायची इच्छा नव्हती. जेवतोय म्हणून सांगून ठेवून दिला.

१३ नोव्हेंबर
फुकुमित्सुचा परत फोन. घेतला नाही. तामाएने घेतला आणि माझ्याकडे बघत राहिली. मी हातानेच नाही म्हणालो.

हात्सुमीशी बोललो, परवा येतो म्हणून कळवलं. तिचा आवाज भरून आला. म्हणाली, बाबा सकाळपासून तीनदा विचारून झाले, बोट किती वाजता लागते.

वीस मिनिटांचं भाषण तयार केलं. विषय: त्सुबेवरील माकड आणि मैत्री.

१५ नोव्हेंबर, बुधवार. संध्याकाळी ७
थेट लिहितो.

सकाळी तामाएने बोटीत बसवून दिलं. सत्तर मिनिटं समुद्र नुसता खालीवर. उलटीची गोळी घेतली होती, तिचीच उलटी झाली. हात्सुमी धक्क्यावर न्यायला आली होती. साठीची बाई, पुरुषासारखी भराभर चालते. वाटेत म्हणाली, बाबांनी आज स्वतः बॅग भरली, वस्तरा-टॉवेलसकट. त्सुबा हातात आली की उद्याच्या बोटीने निघतो म्हणालेत.

म्हातारा उशांना टेकून बसला होता. दाढी केलेली, स्वच्छ शर्ट. मी डबी पुढे केली आणि भाषणाला सुरुवात केली. पहिलं वाक्य संपायच्या आत त्याने त्सुबा बाहेर काढली, उजेडाकडे धरली आणि म्हणाला, "हा ससा आहे."

मी म्हणालो, हात बघा. तो म्हणाला, "कान आहेत रे ते!" त्सुबा परत डबीत ठेवली. मग म्हणाला, "मेल्यावरही माझी चेष्टा करतोय तो."

मी पुष्कळ सांगितलं, आगावांचा दोष नाही, जाणकारांमध्ये मतभेद असतात. त्याने ऐकलं की नाही कुणास ठाऊक. म्हणाला, "आणि आमच्या त्सुबेवर माकड नाहीच मुळी, तुला कुणी सांगितलं? माकड पळून गेलंय. खुंटा आहे, सुटलेली दोरी आहे आणि खाली पडलेली माकडाची टोपी. माकड बघणाऱ्याने मनात आणायचं. म्हणून ती माकडाची." एवढं बोलून त्याला धाप लागली. भिंतीकडे तोंड करून पडला.

हात्सुमी मला सोडायला आली नाही. दारातूनच म्हणाली, "आता ते बॅग रिकामी करतायत. ऐका आवाज."

ऐकला.

१६ नोव्हेंबर. पहाटे ५
झोप नाही. तात्त्विकदृष्ट्या चूक माझी नाही. माकड नसलेल्या त्सुबेला माकडाची म्हणणं हा नियमभंग आहे. ग्रंथात याचा निषेध करायचा.

दोरी. काठी. टोपी की टोपली?

बारा.

१६ नोव्हेंबर, दुपारी १
देवळात जाऊन आलो. बाई म्हणाल्या, बाराच्या बारा एकाच गृहस्थाने नेल्या. कोण? "नाव नाही विचारलं हो. उंच होते. औषधाचा वास येत होता." म्हणजे बाहेरचा व्यापारी. हे लोक जुनं लोखंड तेलात घालून ठेवतात, तो वास.

आजींना काय सांगू? अजून काही सांगितलेलं नाही. आधी सोडवायचं, मग सांगायचं.

१८ नोव्हेंबर, शनिवार
काल मासुदा गावी, आज यामागुचीला. जुन्या वस्तूंची एकूण सात दुकानं. कुणाकडे खुंटा-दोरीची त्सुबा आलेली नाही. एका दुकानदाराने दाखवलेल्या त्सुबेला मी सुंदर खेकडा म्हणालो. तो म्हणाला, ती उलटी ठेवलेली बशी आहे, आमच्या चहाची.

मंडळाची बैठक बुडाली. अध्यक्ष झाल्यापासून पहिल्यांदा. किल्ली माझ्याकडे असल्याने बाकीचे दाराबाहेर पाऊण तास उभे होते, असं तामाएला कुणीतरी फोनवर सांगितलं. फुकुमित्सुनेच असणार. ती म्हणाली, "अहो, त्यांना एकदा फोन करा." मी म्हणालो, मरेन पण त्या माणसाची मदत घेणार नाही. ती म्हणाली, "मरायची पाळी तुमच्यावर नाही आलेली. बेटावरच्या माणसावर आलीय."

मी उरलेल्या दुकानांची यादी करायला बसलो.

१९ नोव्हेंबर, रविवार
हात्सुमीचा फोन. सूज गुडघ्यांपर्यंत चढली. जेवण टाकलंय. बेटावरच्या डॉक्टरांनी हेलिकॉप्टर बोलवायची तयारी दाखवली तर बाबांनी खांबाला मिठी मारली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "तुमच्याकडे दुसरी असेल तर लवकर आणा. नसेल तर नाही म्हणून सांगा. मी त्यांना आशेवर ठेवू शकत नाही."

आहे म्हणून सांगितलं.

का सांगितलं?

२० नोव्हेंबर, सोमवार
आगावा आजींकडे गेलो. सगळं सांगितलं. म्हणजे बरंचसं. आजींनी चहा ओतता ओतता ऐकलं. कप भरून वाहायला लागला तरी थांबल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे ती तुमच्या हातात होती."

मी म्हणालो, प्रकाश...

त्या म्हणाल्या, "सुएताके, मी खिडकीजवळ बसवलं होतं तुम्हाला."

तिथून थेट फुकुमित्सुच्या घरी गेलो. पायीच. गाडीला जरा विश्रांती दिली आहे. त्याने दार उघडलं आणि आत नेलं. टेबलावर बारा डब्या ओळीने मांडलेल्या. म्हणाला, "बाजारात दिसल्या. आगावांच्या आहेत हे कळलं म्हणून घेऊन ठेवल्या. तुम्हाला त्याच संध्याकाळी फोन केला, दुसऱ्या दिवशी केला. तुमच्या बायकोलाही सांगितलं."

मला तामाएचा तो चेहरा आठवला. तिने सांगायचा प्रयत्न केला असेल. मी हाताने नाही म्हणालो होतो.

मग त्याने एक डबी उघडून झाकण माझ्यासमोर धरलं. मी म्हणालो, मी डबीवरचं वाचत नाही. तो काही टोचून बोलला नाही, हे त्याचं मला जास्त लागलं. "बरं, मी वाचतो," म्हणाला.

झाकणाच्या आत आगावांनी बारीक ब्रशने लिहिलंय. पहिली ओळ: 'प्रदर्शनासाठी चमकवायला गेलो आणि जुना काळा गंज घासून निघाला. असं तोंड घेऊन कुनिशिगेकडे जाणार नाही. काळी झाली की देईन.' त्याच्याखाली शोवा ५३ पासून, म्हणजे १९७८ पासून, दर वर्षी एक ओळ, दोनच शब्दांची. अजून नाही. अजून नाही. अजून नाही. फुकुमित्सु प्रत्येक वर्ष वाचत गेला. एकही गाळलं नाही. शेवटची ओळ या फेब्रुवारीतली: 'आता चालेल.'

मार्चमध्ये तर ते गेलेच.

रोज उघड्या हाताने पुसत असणार, फुकुमित्सु म्हणाला. लोखंड असंच परत काळं होतं, हाताच्या घामाने, वर्षानुवर्षं.

त्सुबा मी हातात घेतली. जड. गुळगुळीत. खुंटा, दोरी, टोपी सगळं स्पष्ट दिसलं, असं मी म्हणालो.

२१ नोव्हेंबर
उद्या मी एकटाच जाणार. चूक ज्याची, दुरुस्ती त्याची. फुकुमित्सुला सांगितलं. तो म्हणाला, "एकटे नको." पण त्सुबा दिली.

२२ नोव्हेंबर
मिशिमाची बोट रद्द. वारा.

२३ नोव्हेंबर
रद्द. धक्क्यावर तीन तास बसलो. तिकीट खिडकीतली मुलगी म्हणाली, "आजोबा, लाटा चार मीटरच्या आहेत, घरी जा." आजोबा!

हात्सुमीचा फोन. बाबा आज एकदाच बोलले. विचारलं, वारा कुठल्या दिशेचा.

२४ नोव्हेंबर
रद्द. भाषण चार मिनिटांवर आणलं. मग दोन. मग फाडलं.

२५ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ८.५०, बोटीत
समुद्र उघडला! तामाए बहिणीकडे गेलीय, तिला कळायच्या आत निघालो. धक्क्यावर तीन दिवसांची गर्दी साठलेली, सगळ्या बेटांच्या बोटी एकदम सुटतायत. पाटी वाचली, चढलो. त्सुबा शर्टाच्या आतल्या खिशात. आज कुणी काही बिघडवू शकत नाही.

९.१५
पोचलो! पंचवीस मिनिटांत! कप्तानाने कमाल केली. उलटी नाही. शुभशकुन.

९.४०
कुनिशिगेंचं घर जागेवर नाही. रस्ताही बदलल्यासारखा वाटतोय. वादळाने असं होतं. ब्रोकोलीच्या पेट्या उचलणाऱ्या एका बाईला विचारलं. ती म्हणाली, इथं कुणी कुनिशिगे नाही. मी म्हणालो, तुम्ही नव्या असाल, अख्खं मिशिमा त्यांना ओळखतं. तिने पेटी खाली ठेवली. "बाबा, हे ओशिमा आहे."

ओशिमा म्हणजे जवळचं दुसरं बेट; दोन्ही बेटांच्या पाट्यांवर शेवटचं अक्षर एकच. कुणाचाही घोटाळा होईल.

१०.०५
हागीला परतीची बोट कधी, विचारलं. मिशिमाला आज आणखी एकच बोट आहे, दुपारी. संध्याकाळपासून वारा परत वाढणार, उद्या सकाळची एक फेरी झाली तर झाली, मग चार दिवस बंद.

धक्क्यावर बसलोय. खिशातली चकती छातीला गार लागतेय.

समोर पाटी आहे. मोठी, निळी. अक्षरं आहेत हे दिसतंय. कुठली, ते...

बोट आली.

दुपारी १.३०, हागीचा धक्का
उतरलो तर समोर फुकुमित्सु. शेजारी तामाए. मी मिशिमाला उतरलोच नाही म्हणून हात्सुमीने तिला फोन केला असणार. तिने भाताचे मुटके दिले. फुकुमित्सुने दोन तिकिटं काढून ठेवली होती. बोटीवर चढताना त्याने माझं कोपर धरलं. मी सोडवून घेतलं नाही. पायऱ्या ओल्या होत्या.

संध्याकाळी ६, मिशिमा, हात्सुमीच्या घरी
म्हातारा दहा दिवसांत निम्मा झालाय. मी दिसताच म्हणाला, "आता काय आणलंस, बेडूक?" फुकुमित्सुला पाहून मात्र उठून बसायला लागला. "डॉक्टर, माझी तपकिरी गाय तुम्ही गेल्यावर सहा वर्षं जगली."

डबी मी दिली. ते काम फुकुमित्सुने माझ्यावर सोडलं.

म्हाताऱ्याने त्सुबा तळहातावर ठेवली. अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. उलटी केली. परत सुलटी केली. खोलीत फक्त किटलीचा आवाज. मग म्हणाला, "काळी झाली की रे."

त्याला माहीत होतं! आगावांनी ती घासून खराब केल्याचं त्याला प्रदर्शनाच्या दिवशीच कळलं होतं. काचेत पाहिली होती त्याने, पांढरी पडलेली. मी विचारलं, मग भांडण त्यावरूनच ना? तो म्हणाला, "कसलं भांडण? मी भांडलोच नाही. तो यायचा बंद झाला."

फुकुमित्सुने झाकण हात्सुमीकडे दिलं. ती वाचायला लागली. शोवा ५३, अजून नाही. शोवा ५४, अजून नाही. दहा-बारा ओळींनंतर तिला वाचवेना. मग म्हातारा स्वतःच म्हणत गेला, डोळे मिटून, पाढे म्हणावेत तसा, अजून नाही, अजून नाही. शेवटची ओळ तिने वाचली.

"गाढव," तो म्हणाला. "गंज काय मला खायचा होता?" आणि मग, "दर शनिवारी येतो म्हणायचा. पहिलं वर्षभर मी दोघांपुरती मासळी काढून ठेवत होतो."

त्याने पाय खाली सोडले. हात्सुमी धावली. तो म्हणाला, "बॅग."

मी मोकळेपणी रडलो असतो तर लोक... नाही, हे खोडतो. माझ्या डोळ्यांत धूर गेला होता. किटलीचा.

२६ नोव्हेंबर, रविवार
सकाळची बोट सुटली, कशीबशी. म्हाताऱ्याने निघण्याआधी त्सुबा घरातल्या देव्हाऱ्यात ठेवली आणि दार स्वतः ओढून घेतलं. खुर्चीसकट चौघांनी बोटीवर चढवला. फुकुमित्सु सगळा वेळ त्याची नाडी धरून. जनावरांचा असला तरी डॉक्टर.

मध्ये समुद्र जरा शांत झाल्यावर म्हाताऱ्याने मला विचारलं, "काय रे, ससा तू माकड म्हणून कसा काय आणलास?" मी म्हणालो, चंद्र होता. त्याला हसू आलं, हसता हसता ओठ निळे पडायला लागले, फुकुमित्सु ओरडला. शांत झाल्यावर म्हाताऱ्याने हात वर केला आणि मला म्हणाला, "बोटं किती?"

मी म्हणालो, दोन.

मग हात्सुमी हळूच म्हणाली, "ते संत्रं आहे."

धक्क्यावर अँब्युलन्स उभी होती. आगावा आजीही आल्या होत्या. त्या आणि म्हातारा एकमेकांना वाकून नमस्कार करत राहिले, शेवटी अँब्युलन्सवाल्यांनीच दार लावलं.

एकंदर मोहीम यशस्वी. चिकाटी माझी, बाकी इतरांचं सहकार्य.

२९ नोव्हेंबर
कुनिशिगेंच्या फुप्फुसांतलं पाणी काढलं. डॉक्टर म्हणतात, आणखी दोन दिवस गेले असते तर अवघड होतं. मी हिशेब केला. पंधरा तारखेलाच योग्य त्सुबा नेली असती तर दहा दिवस आधी.

हॉलची किल्ली किमुराकडे दिली. ग्रंथासाठी वेळ हवा म्हणून.

४ डिसेंबर, सोमवार
तामाएच्या समाधानासाठी डोळ्यांच्या दवाखान्यात. निव्वळ तिच्या समाधानासाठी.

डॉक्टर तरुण बाई, बोलणं भराभर. एक डोळा झाकायला लावला आणि म्हणाली, तक्त्यावरचे गोल बघा, प्रत्येकाला एका बाजूने फट आहे, ती कुठल्या बाजूला ते सांगा. मी म्हणालो, सगळे बंद आहेत. ती म्हणाली, वरचा मोठा बघा. मी म्हणालो, मोठाही बंद आहे. मग शांतपणे म्हणाली, "आजोबा, तक्ता उजव्या भिंतीवर आहे. तुम्ही घड्याळाकडे बघताय."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेले. उजव्याचं ऑपरेशन सोळा जानेवारीला, डावा नंतर. उजवा जास्त खराब आहे म्हणाली. म्हणजे डावा चांगला आहे.

मग फॉर्म भरताना तिने विचारलं, "कमी दिसायला लागून किती दिवस झाले?"

हॉलचे दिवे सांगणार होतो. तोंड उघडलं आणि म्हणालो, "गेल्याच्या गेल्या वर्षीच्या मे महिन्यापासून. दहा तारीख होती. वर्तमानपत्र वाचत होतो."

तारीख मला पाठ होती.

तामाए शेजारच्या खुर्चीत बसली होती. ती माझ्याकडे बघत होती की खाली, ते मला दिसलं नाही.